नाव नको, अटी वाच

९ जानेवारी

आज बँकेत सह्या केल्या आणि राहतं घर गहाण टाकलं. बँकेतली बाई ‘गहाण’ म्हणत नाही, ‘तारण’ म्हणते आणि म्हणताना हसते. पगारात हसण्याचे पैसे धरलेले असणार.

घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, कारण निम्मे पैसे सासऱ्यांनी घातले होते. सासरे गेले, पण ही गोष्ट काही जात नाही. म्हणून बायकोची सही हवी. बेत सरळ आहे. घराची किंमत वाढलीय, तर त्यावर कर्ज काढायचं, त्यातून एक लहान जागा घ्यायची, ती भाड्याने द्यायची आणि भाड्यातून बँकेचा हप्ता भरायचा. माझ्या पगारातून हप्ता निघत नाही, भाडं आलं तरच निघतो. भाडं नाही आलं तर काय, असं त्या हसऱ्या बाईने विचारलं. मी म्हटलं, बाई, जगात घरं कमी आणि माणसं जास्त आहेत.

कागद बायकोने हळू आवाजात वाचून दाखवले. नेहमी तीच वाचते. जवळचं वाचायला मला चष्मा लागतो आणि चारचौघांत मी तो लावत नाही. मी गाडी शिकवतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला चष्म्याचा नुसता वास लागला तरी तो मला गाडीतून उतरवून पावत्या फाडायला बसवेल. लांबचं मला अजून घारीसारखं दिसतं. ही वही तेवढी खोलीचं दार लावून, चष्मा लावून लिहितो.

सहीच्या आधी बायको पेन धरून नुसती बसली. मागे लोक खोळंबलेले. मी दोनदा घसा खाकरला. मग ती म्हणाली, “एकच सांगते. हे घर जाता कामा नये.”

मी म्हटलं, जाईल कुठे, त्याला काय पाय आहेत? तिने सही केली. घरी येताना वाटेत एक शब्द बोलली नाही. चांगलंच झालं, मला हिशेब करायचा होता.

१५ जानेवारी

लोकांना वाटतं मी हे पैशासाठी करतोय. वाटू दे.

आमचा मालक रोज अकराला येतो, खुर्चीत बसतो आणि काडीने दात कोरत आम्हाला अक्कल शिकवतो. त्याला गिअर धड बदलता येत नाही. पण त्याच्या तीन जागा भाड्याने आहेत. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या डाव्या बाजूला बसून जीव मुठीत धरतो, आणि हा घरबसल्या खातो. माझ्या बाजूला गाडीत एक जादा ब्रेक असतो, तेवढाच काय तो माझा अधिकार. शिकाऊ माणसाने चूक करायच्या आधी मी तो दाबतो. आधी, नंतर नाही. यालाच अनुभव म्हणतात. आजची पोरगी म्हणाली, सर, मी दाबणारच होते. सगळे दाबणारच असतात.

मलाही एकदा कुणीतरी मालक म्हणावं, एवढंच.

६ फेब्रुवारी

जागा मिळाली. तळमजला, एक खोली आणि स्वयंपाकघर, रस्त्याकडे मोठी खिडकी. आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर. आधीच्याने भिंतींना इतके खिळे ठोकलेत की भिंत आहे की चाळण ते कळत नाही. मी स्वतः बसून सगळी भोकं बुजवली, रंग लावला, नळाचे वॉशर बदलले. पाठीचा पार भुगा झाला.

दलाल म्हणून जो पोरगेला इसम आहे त्याचे बूट आरशासारखे चमकतात. मी त्याचं नाव चकाचक ठेवलंय. तो मला काका म्हणतो. मी म्हटलं, मी तुझा काका नाही, मालक आहे. तर म्हणे, हो मालककाका.

बायको जागा बघायला आली. खिडकीशी उभी राहिली आणि ऊन इथे किती वाजेपर्यंत असतं, असं विचारलं. मी म्हटलं, उन्हाचं वेगळं भाडं लावता आलं असतं तर मोजून ठेवलं असतं. ती खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत होती. रंग ओला होता. बोटं उमटली, मला परत एक हात मारावा लागला.

१९ फेब्रुवारी

अटी तयार केल्या आणि चकाचकला फोनवर लिहून घ्यायला लावल्या. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. प्राणी पाळायचा नाही. मोठ्याने गाणी लावायची नाहीत. पाहुण्यांना परवानगी नाही, एकदा पाहुणा आला की जात नाही, हे मी माझ्या मेहुण्यावरून शिकलोय. भाडं एक तारखेला. मालक केव्हाही येऊन जागा तपासू शकेल.

चकाचक म्हणाला, काका, एवढ्या अटींत तुरुंगसुद्धा भाड्याने जाणार नाही. फार शहाणा आहे.

२ मार्च

आज एक जोडपं आलं होतं, कडेवर वर्षाची मुलगी. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. माणूस ठीक होता, पण त्या मुलीने आत येताच नव्या रंगावर थाप मारली. पाचही बोटं! मी म्हटलं, झालं, उद्या हिला खडू मिळाला की भिंतीची पाटी होणार. नाही म्हणून सांगितलं.

बायको तोवर मुलीला खिडकीत घेऊन बसली होती. रस्त्यावरच्या गाड्या दाखवत होती. मी नाही म्हटल्यावरही तिने मुलीला लगेच परत दिलं नाही. शेवटी त्या बाईला हात पुढे करावे लागले. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे घर अजून नव्यासारखं आहे, हे मी सगळ्यांना सांगतो.

जेवताना म्हणाली, “चांगली माणसं होती.” मी म्हटलं, चांगल्या माणसांनाच हात असतात.

११ मार्च

रात्रपाळी करणारी एक नर्स आली. दिवसभर झोपणार म्हणाली. दिवसा पंखा, रात्री जागा रिकामी, चोरांची सोय. नाही म्हटलं. त्याआधी एक निवृत्त कारकून आला होता. त्याने मलाच प्रश्न विचारले. पाण्याचा दाब किती, शेजार कसा. मी भाडेकरू निवडतोय की परीक्षेला बसलोय? त्यालाही वाटेला लावलं.

हप्ता सुरू झाला आहे. पहिला शिलकीतून भरला.

२७ मार्च

मिळाला एकदाचा. बेकरीत पाव भाजणारा एकटा माणूस. पहाटे कामावर जातो, दुपारी येऊन झोपतो. बोलत नाही, हसत नाही, मला तोच गुण वाटला. बायकोने हट्टच धरला की याला तरी नाही म्हणू नका. मी नाही म्हणणार नव्हतोच, पण श्रेय तिने घेतलं.

स्कूलमध्ये सहज म्हणावं तसं मालकाला सांगितलं, म्हटलं, भाडेकरू फार त्रास देतात हो. तो म्हणाला, मला नाही बुवा देत कुणी. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१० एप्रिल

जागा तपासून आलो. सिंकखाली ओलं होतं. त्याला म्हटलं, पुसून घेत जा. ‘हो’ म्हणाला.

१३ एप्रिल

परत गेलो, सिंकखाली बघायला. कोरडं होतं. पण जमिनीवर पीठ. बुटांतून येतं म्हणे. मी म्हटलं, मग बूट बाहेर काढ. ‘हो’ म्हणाला. या माणसाला दुसरा शब्द येत नाही.

१६ एप्रिल

आज दार उघडलं नाही. माझ्याकडे दुसरी किल्ली आहे. आत गेलो तर पाव्हणा भर दुपारी घोरतोय. मी मीटर बघितलं, नळ बघितले, खिडकीची कडी लावली. ती सताड उघडी होती. निघताना कपाट जरा पुढे सरकवून भिंतीला ओल आहे का ते बघितलं. तेवढ्यात तो उठून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, झोप, झोप, माझं चालू दे.

हे बायकोला सांगितलं. वाटलं, हसेल. तिने हातातला शर्ट खाली ठेवला.

“झोपलेल्या माणसाच्या घरात शिरलात?”

“माझं घर आहे.”

“किल्ली तुमची आहे,” ती म्हणाली, “घर त्याचं आहे.”

दोन वाक्यं शिवून टाकली की झालं हिचं तत्त्वज्ञान.

३ मे

बेकरीवाला गेला. किल्ली आणून माझ्या हातात नाही, बायकोच्या हातात दिली आणि तिच्याशी दारात उभा राहून बोलत होता. ज्याला माझ्यासमोर ‘हो’च्या पुढे शब्द फुटत नव्हता तो! काय म्हणाला विचारलं तर म्हणे, “त्यांना झोप लागत नव्हती.” मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत घोरत होता. ती आत निघून गेली आणि मशीनची खडखड सुरू झाली.

ही खडखड हेही एक प्रकरण आहे. मागच्या खोलीत ती लोकांचे कपडे दुरुस्त करते. आधी गिऱ्हाइकं घरी यायची, बुटांसकट पुढच्या खोलीत बसायची. मी एकदोघांचा बरा पाणउतारा केला, तेव्हापासून येत नाहीत. आता तिला एका कपड्याच्या दुकानात काम मिळालंय, लांबी कमी करायची, कंबर ढिली करायची. मी म्हटलं, कर, तेवढाच तुझा वेळ जाईल. तिने हप्त्यात घातलेले पैसे मला वापरावे लागतायत, हे मात्र मी तिला म्हणत नाही. कशाला डोक्यात हवा भरायची.

२४ मे

जागा रिकामी. चकाचक फोन उचलत नाही. उचलला की म्हणतो, काका, तुमचं नाव झालंय. मला आधी बरं वाटलं. मग कळलं कशा अर्थाने.

त्या तळमजल्याच्या वर एक म्हातारी राहते, ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की मालक किल्लीने येतो. मी तिला जिन्यात गाठून चांगलं सुनावलं. ऐकून झाल्यावर तिने दार लावून घेतलं आणि आतून साखळीही घातली.

१२ जून

बँकेचं पत्र आलं. बायकोने वाचून दाखवलं. एक हप्ता चुकला, आणखी दोन चुकले तर तारणाबाबत पुढची कारवाई. तिने ‘तारण’ शब्द तसाच वाचला आणि कागद घडी करून चहाच्या कपाखाली ठेवला.

मी बँकेवर तोंडसुख घेतलं, चकाचकवर घेतलं, मालकावर घेतलं. तिच्यावरही घेतलं, कारण त्या दिवशी सही करताना तीच पेन धरून बसली होती. काम सुरू करताना तोंड पाडून बसलं की असंच होतं. तिने कपाखालचा कागद उचलला. मग म्हणाली, “पुढच्या वेळी भाडेकरू मी शोधू?”

म्हटलं, शोध बाई, तूही हात धुऊन घे. पण अटी माझ्याच राहतील.

“राहू देत,” ती म्हणाली. “मला पाठ आहेत.”

२८ जून

आजचा शिकाऊ गडी चौकात घाबरून गाडीतून उतरून पळाला. सगळ्यांना ही गोष्ट सांगितली, आणि त्यावरून बायकोचीही आठवण सांगितली. लग्नानंतर तिला गाडी शिकवायला घेतली होती. ती फार हळू चालवायची, तरी मी ब्रेक दाबायचो. म्हटलं, सवय लागू दे. एक दिवस तिने गाडी कडेला घेतली, दिवा लावून, आरशात बघून, सगळं अगदी नियमाने. उतरली. दार हळूच लावलं आणि चालत घरी गेली. परत कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. सगळे हसले. मालकसुद्धा.

घरी आलो तेव्हा ती कुंड्यांना पाणी घालत होती. तिला सांगितलं, आज तुझी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “शेवटची कुंडी राहिलीय, सरका जरा.”

९ जुलै

शाबास म्हणावं लागेल. बायकोने आणि चकाचकने मिळून भाडेकरू शोधला. चकाचक फोनवर घडाघडा सांगत होता. बाई आहेत, एकट्या राहणार, मुलंबाळं नाहीत, प्राणी नाही, गाणीबजावणी नाही, नोकरी आहे, शिवाय घरीही काही काम करतात. खिळा ठोकणार नाहीत. तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. मी म्हटलं, ही बाई आहे की देवाने पाठवलेली आहे?

त्यांची एकच अट आहे म्हणे. मालकाने न कळवता आणि कारण नसताना यायचं नाही. कळवायचं तेही चकाचकमार्फत.

मी जरा ताणून धरलं. मग तीन महिने आगाऊ आठवले. म्हटलं, जा, मान्य. मला तिचं तोंड बघायची कुठे हौस आहे.

१४ जुलै

बायको त्या जागेसाठी पडदे शिवतेय. भाडेकरणीसाठी पडदे! म्हटलं, एवढी सरबराई कशाला? ती म्हणाली, “खिडकी रस्त्याकडे आहे, बाई एकटी आहे.” खिडकीचं माप तिला तोंडपाठ होतं. पडद्यांचे पैसे लावशील का भाड्यात, असं विचारलं तर हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. भाडेकरू मिळाल्याचा आनंद, दुसरं काय.

२० जुलै

आज करार झाला. चकाचक कागद घेऊन घरी आला. बाई कामावर असतात म्हणून त्यांनी आधीच सही करून दिली म्हणे. चकाचक समोर बसलेला, त्यामुळे चष्म्याचा प्रश्नच नव्हता. मी बायकोला म्हटलं, वाच.

एरवी ती माझ्या शेजारी बसून वाचते. आज समोरच्या खुर्चीत बसली. पहिलं पान उघडलं. “भाडेकरूचं नाव,” म्हणाली आणि थांबली.

“नाव नको,” मी म्हटलं. “अटी वाच.”

“नाव ऐकून तर घ्या.”

“नावाशी मला काय करायचंय? भाडं काय नावाने येतं? अटी वाच.”

ती माझ्याकडे बघत होती. चकाचक स्वतःच्या बुटांकडे बघत होता, एवढे चमकवल्यावर बघणारच. मग तिने अटी वाचल्या, एक न गाळता, मोठ्याने, शाळेत कविता म्हणतात तशा. खिळ्याची, प्राण्याची, पाहुण्यांची. शेवटी ती मालकाने न कळवता यायचं नाही ही. ती जरा जास्तच सावकाश वाचली. ऐकताना मला माझाच अभिमान वाटला. काय चोख अटी केल्यात! तिने बोट ठेवलं तिथे मी सही केली.

चकाचक जाताना मला नाही, तिला नमस्कार करून गेला. पुढच्या वेळी दलाली मागायला येईल तेव्हा बघतो.

२६ जुलै

घर जरा मोकळं वाटतंय. कुंड्या दिसल्या नाहीत. म्हणाली, जिथे ऊन आहे तिथे ठेवल्या. शिवणाचं मशीनही गेलं, दुरुस्तीला असणार. किती शांत वाटतं! मी तिला तसं म्हणालोही. म्हटलं, परत आणायची घाई करू नकोस.

“नाही करणार,” ती म्हणाली.

३१ जुलै

उद्या भाडेकरीण राहायला येणार. जेवण झाल्यावर मी बातम्या बघत होतो तेव्हा बायको शेजारी येऊन बसली आणि काहीतरी सांगायला लागली. उद्यापासून, असं काहीसं. बातम्यांत घरांच्या किमतींचं चाललं होतं. मी म्हटलं, सकाळी बोलू. ती थोडा वेळ बसली, मग उठून गेली.

१ ऑगस्ट

सकाळी उठलो तर ती निघून गेली होती. दुकानात लवकर बोलावलं असेल. जेवण झाकून ठेवलं होतं. दुपारी बँकेत चौकशी केली, भाडं सकाळीच जमा झालेलं. तीन महिन्यांचं. मालकाच्या टेबलासमोरून दोनदा गेलो.

संध्याकाळी पाय आपोआप तिकडे वळले. आत जाणार नव्हतो. रस्त्यावरून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. पडदे लागले होते. खिडकीत आमच्या कुंड्या होत्या, आणि आतून मशीनची खडखड येत होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बघा, पहिल्याच दिवशी या बाईने माझ्या बायकोला कामाला जुंपलं! कुंड्या घेतल्या, मशीन आणवलं, आणि हिला बसवलं शिवायला. दाराबाहेर बायकोच्या चपला. जोरात बेल दाबली.

बायकोने दार उघडलं. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. मी म्हटलं, “कुठे आहे ती? बोलाव तिला. करारात हे नाही.”

तिने एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली. मग म्हणाली, “मीच.”

“मीच काय?”

“भाडेकरू. माझं माहेरचं नाव होतं कागदावर. वाचत होते मी, तुम्ही नको म्हणालात.”

मी आत पाऊल टाकलं, तर तिने दार धरलं. जोरात नाही, नुसता हात ठेवला.

“पाहुण्यांना परवानगी नाही,” ती म्हणाली.

“मी पाहुणा? मी नवरा आहे!”

“नवऱ्याबद्दल करारात काही नाही.” ती चेष्टा करत नव्हती. “घर जाता कामा नये, एवढंच मी सांगितलं होतं. तुम्ही इथे कुणाला टिकू देईनात. मग म्हटलं, मला सवय आहे, मीच राहीन. भाडं दर एक तारखेला बँकेत जाईल, हप्ता चुकणार नाही. ते घर वाचेल.”

“आणि त्या घरात कोण राहणार?”

“तुम्ही आहात ना,” ती म्हणाली. “आता परत याल तेव्हा कळवून या. आणि काम असेल तर.”

तिने दार हळूच लावलं. वरची म्हातारी जिन्यात उभी होती. मी तिला काही बोललो नाही.

२ ऑगस्ट

चकाचकला फोन करून मला येतात तेवढ्या शिव्या दिल्या. दगाबाज, घरफोड्या, सगळं म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, मालक, मी कागद तुमच्या हातात दिला होता. पहिल्यांदा नुसतं मालक म्हणाला, आणि तेही अशा वेळी.

वकिलाकडे जाणार आहे. हा करार टिकत नाही. बायको नवऱ्याची भाडेकरीण कशी होईल? उद्याच्या उद्या तिला बाहेर काढतो.

५ ऑगस्ट

गेलो नाही वकिलाकडे. तिला काढलं तर भाडं थांबणार, भाडं थांबलं की हप्ता थांबणार, हप्ता थांबला की हे घर जाणार, आणि मग मी कुठे राहणार? तिच्याकडे? तिथे पाहुण्यांना परवानगी नाही.

हिने सगळं जुळवून केलंय. माझा संताप होतोय. इतकी वर्षं हिला खाऊ घातलं, आणि ही माझ्याच जागेत, माझ्याच अटींवर माझ्यावर दार लावते! कुणाला सांगू? स्कूलमध्ये मालकाने विचारलं, भाडेकरीण कशी आहे? मी म्हटलं, फार चांगली आहे. खरंच, तक्रारीला जागा नाही.

जेवणानंतर मागच्या खोलीतला दिवा बंद करायला गेलो. ती नेहमी विसरते आणि मी बंद करतो. बंदच होता.

१७ ऑगस्ट

आज एका शिकाऊ बाईंना चौकात ब्रेक दाबायच्या आधी वाट बघितली. बघू म्हटलं, दाबते का. दाबला. वेळेवर. मी काहीच बोललो नाही, तर त्याच घाबरल्या. विचारलं, सर, काही चुकलं का?

२५ ऑगस्ट

बँकेचं पत्र आलंय. दोन दिवस टेबलावर तसंच पडलं होतं. आज पुढच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, चष्मा लावून वाचलं. हप्ता मिळाला, धन्यवाद, एवढंच होतं. मग कपाटातून भाडेकराराची प्रत काढली आणि पहिलं पान उघडलं. तिचं माहेरचं नाव. लग्नपत्रिकेत शेवटचं वाचलं असेन. तिची सहीही त्याच नावाने, स्वच्छ, एका ओळीत. राग गेलेला नाही. पण कुणावर आहे ते आता नीट सांगता येत नाही.

चकाचकला फोन केला. म्हटलं, भाडेकरूला विचार, रविवारी पाच वाजता मालक आला तर चालेल का. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. म्हणाला, काका, त्या कारण विचारतायत.

नळ, मीटर, ओल, सगळं तोंडाशी आलं. त्यातलं एकही खरं नव्हतं. तो पलीकडे थांबला होता. मी म्हटलं, “सांग, चष्मा लावून येतोय. त्यांच्यासमोर नाव वाचायचं राहिलंय.”

विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन आलेला नाही.